आंबा बाग कराराने देताना: ठेकेदाराला माहीत आणि आपल्याला नाही, तर करार कसा बांधायचा

मालक डोंबिवलीत नाहीतर बोरिवलीत, कलमं देवगडात नाहीतर पावसला, आणि मधे बाग घेणारा ठेकेदार, जो रोज सकाळी त्या कलमांखालनं चालत जातो. दरवर्षी फोनवर तोच संवाद, "काका, यंदा मोहोर तसा कमीच हाय, गेल्या वर्षीच्या पैशात नाय परवडणार," आणि काकांना खरं की खोटं कळायला काही मार्ग नसतो, मग ते कुणातरी नातेवाइकाला बघून यायला सांगतात (तो ठेकेदाराच्याच गाडीवर बसून जातो) नाहीतर वैतागून "काय द्यायचंय ते दे बाबा" म्हणून फोन ठेवतात.

यात बहुतेक लोक सगळी शक्ती ठेकेदाराकडून खरं काढून घेण्यात घालवतात. ते सोडा. त्याला खरं सांगून तोटा होणार असेल तर तो सांगणार नाही, आणि त्यात त्याचं काही फार चुकतंय असंही नाही, तुम्हीही फ्लॅट विकताना गळती स्वतःहून सांगत नाही. करारच असा मांडायचा की त्याने स्वतःच्या फायद्यासाठी जी निवड केली तीच आपल्याला माहिती देऊन जाईल. अर्थशास्त्रात यावर मोठं काम झालंय, अ‍ॅकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्यालाच माल माहीत असेल तर चांगला माल बाजारातनं निघून जातो, २००१ चं नोबेल त्याला, स्पेन्सला आणि स्टिग्लिट्झला याच विषयासाठी मिळालं, आणि २०१६ ला हार्ट आणि होल्मस्ट्रॉम यांना तर थेट करारांच्या सिद्धांतासाठी. पण आपल्याला गणित नकोय, बाग द्यायचीय, तर एकेक करून घेऊ.

आधी कोणाला काय माहीत ते कागदावर उतरवा

एक वही घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे तुम्हाला माहीत आणि त्याला नाही, उजवीकडे त्याला माहीत आणि तुम्हाला नाही. मालकी तुमची म्हणजे माहिती तुमची असं मुळीच नसतं, बरेचदा उलटच निघतं. तुमच्या बाजूला काय येईल, तर सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत, भावकीत वाद आहे का, वाट कोणाच्या जमिनीतनं जाते, विहिरीचं पाणी एप्रिलला टिकतं का. त्याच्या बाजूला यादी मोठी होते: किती कलमं खरंच धरतात आणि किती नुसती उभी आहेत, खोडकिडा कुठल्या कलमाला लागलाय, गेल्या वर्षी नक्की किती पेट्या गेल्या, वाशीच्या घाऊक बाजारात काय भाव पडला, त्याच्याकडे फवारणीचा पंप आणि चांगली माणसं आहेत की आयत्या वेळी शोधणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो बाग पाच वर्षं सांभाळणार आहे की एका वर्षात पिळून सोडून देणार आहे.

आता उजव्या बाजूचे दोन भाग पाडा. काही गोष्टी सही करायच्या आधीच लपलेल्या आहेत, बाग कशी आहे, माणूस किती तरबेज आहे. याला अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन म्हणतात. काही गोष्टी सही झाल्यावर लपून होणार आहेत, कमी फवारण्या, जास्त कल्टार (दरवर्षी फळ धरावं म्हणून जमिनीत घालायचं औषध), पेट्या लपवणं. हा मॉरल हॅझर्ड. दोन्हींवर औषध वेगळं आहे आणि लोक गोंधळ इथेच घालतात: पहिल्यासाठी पर्याय द्यायचे असतात, दुसऱ्यासाठी वाटा, अनामत आणि तपासणी. चुकीच्या दुखण्याला चुकीचं औषध दिलं की करार वीस पानी होतो आणि कामाचा राहात नाही.

करार कधी करायचा हा अर्धा करार आहे

हापूस वर्षाआड धरतो हे सगळ्यांना माहितीये. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पावसाळा संपून कलमांना पालवी फुटली की त्या फांदीवर यंदा मोहोराची आशा कमी, आणि हे कोणाला दिसतं? जो तिथे आहे त्याला. म्हणजे जानेवारीत मोहोर बघून करार करायला बसलात तर ठेकेदाराला जवळपास सगळं दिसलेलं असतं आणि तुम्हाला फोनवर आलेले चार फोटो, ते पण त्याने निवडलेल्या कलमांचे.

त्यापेक्षा पावसाच्या आधी ठरवा. तेव्हा येणारं पीक कोणालाच माहीत नसतं, दोघंही सारखेच अंधारात, त्यामुळे फसवाफसवीला जागा कमी. धोका मात्र जास्त असतो म्हणून ठोक रक्कम थोडी कमी मिळेल, ते मान्य करा. गणपतीला गावी आल्यावर ठरवू असं बरेच जण म्हणतात, पण कल्टार घालायची वेळ साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट असते, गणपतीत तुम्ही चर्चेला बसता तेव्हा जमिनीत जे जायचं ते गेलेलं असतं. मे महिन्यात आंबे खायला येताच ना, तेव्हाच बसा, झाडावर फळ असतं, काय धरलंय काय नाही डोळ्यांनी दिसतं, आणि शेजारच्या बागा पण दिसतात.

गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही, आणि त्यावरचा उपाय

हा भाग कायद्याचा आहे पण वाचा, कारण यात एक फार सोपी युक्ती आहे जी फुकट आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७ सांगतं की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक होत नाही, बोलणं ही त्या माणसाची जबाबदारी असेल किंवा त्याचं गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल तर मात्र होते. कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलंय: अ ने ब ला लिलावात घोडा विकला, घोडा धड नाही हे अ ला माहीत होतं, तो काही बोलला नाही, फसवणूक नाही. पण ब जर म्हणाला की "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो" आणि तरी अ गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच.

म्हणून सहीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका, असा:

"भाऊ, करार करण्याआधी खालील गोष्टी गृहीत धरतोय. यातलं काही चूक असेल तर सहीच्या आधी कळवा, नाही कळवलंत तर बरोबर आहे असं समजून सही करतो. १) तुम्ही गेल्या वर्षी माझ्या बागेतनं ३०० च्या आसपास पेट्या काढल्यात. २) गेल्या दोन वर्षांत कलमांना ठरल्यापेक्षा जास्त कल्टार दिलेलं नाही. ३) बागेतल्या कुठल्या कलमाला मोठा रोग नाही. ४) या बागेच्या आंब्यावर तुम्ही कुठल्या अडत्याकडून आधीच उचल घेतलेली नाही."

चौथा मुद्दा विसरू नका. अडत्याकडून, म्हणजे बाजारातल्या दलालाकडून, सीझनच्या आधी उचल घेणं ही वाशीच्या व्यवहारातली नेहमीची गोष्ट आहे, ज्याने उचल घेतलीय त्याचा माल त्याच अडत्याकडे जाणार आणि पट्टीत (अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशोबात) आधी उचल कापली जाणार, मग तुमचा हप्ता लांबला की कारण कळतं. आणि मालकांनो, हाच मेसेज उलट्या बाजूने ठेकेदार तुम्हाला पाठवू शकतो, वाट आणि भावकीबद्दल, तेव्हा खरं उत्तर द्या.

तरीही स्वतः जाऊन बघाच, कारण कलम १९ मधे असंही आहे की समोरच्याच्या गप्प बसण्यामुळे फसलो म्हणायचं असेल आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला ते कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करून मिळत नाही.

एक किंमत सांगू नका, दोन करार समोर ठेवा

सगळ्या लेखात काम करणारी गोष्ट ही आहे म्हणून इथे थांबून आकडे मांडतो. आकडे नुसते समजण्यासाठी, तुमच्या बागेचे तुम्ही घाला.

समजा शंभर कलमं आहेत. ठेकेदार दोन प्रकारचे असू शकतात. तरबेज माणूस, स्वतःचा पंप, कायमचे गडी, पुण्यात बांधलेली गिऱ्हाइकं: तो ७ लाखांची विक्री काढतो, त्याचा खर्च ३ लाख, उरतात ४ लाख. दुसरा साधा, ५ लाखांची विक्री, अडीच लाख खर्च, उरतात अडीच लाख. समोर बसलेला कुठला ते तुम्हाला माहीत नाही, आणि तरबेज माणूस कधीच सांगणार नाही की मी तरबेज आहे, तो म्हणणार "काका, हल्ली काय राहिलं नाय आंब्यात."

तुम्ही ठोक साडेतीन लाख मागितलेत तर साधा उठून जाईल, आणि नेमका तोच समोर असेल तर बाग पडून राहील. ठोक २ लाख मागितलेत तर दोघंही हो म्हणतील, साध्याला ५० हजार सुटतील पण तरबेजाला २ लाख. हे जे तरबेजाला जास्तीचे सुटतात ते त्याच्या माहितीचं भाडं, ते शून्य करता येत नाही हे मनाशी पक्कं करा, कमी मात्र करता येतं.

कसं, तर दोन पर्याय ठेवा.

पहिला पर्याय, ठोक: अडीच लाख, नंतर विक्री किती झाली मी विचारणार नाही.

दुसरा पर्याय, वाटा: ५० हजार आधी, आणि एकूण विक्रीचे ३० टक्के.

आता साध्या माणसाने काय करावं? ठोक घेतलं तर अडीच लाख देऊन हातात शून्य. वाटा घेतला तर ५० हजार अधिक दीड लाख, म्हणजे २ लाख देऊन ५० हजार उरतात. तो वाटा घेईल. तरबेजाने वाटा घेतला तर ५० हजार अधिक २ लाख १० हजार, म्हणजे २ लाख ६० हजार देऊन १ लाख ४० हजार उरतात, ठोक घेतलं तर दीड लाख उरतात. तो ठोक घेईल. कोणी काही कबूल केलं नाही, कोणाला शपथ घालावी लागली नाही, आणि कुठला पर्याय उचलला यावरून समोर कोण आहे ते कळलं. तुम्हाला तरबेजाकडून अडीच लाख, साध्याकडून २ लाख.

हे चालतं कारण विक्रीतला वाटा हा जास्त विकणाऱ्याला जास्त टोचतो, ७ लाखांतले ३० टक्के आणि ५ लाखांतले ३० टक्के यात ६० हजारांचा फरक आहे. तुमचे आकडे घालून बघताना दोनच गोष्टी तपासायच्या: प्रत्येक प्रकारच्या माणसाला त्याच्यासाठी ठेवलेल्या पर्यायात काहीतरी उरलं पाहिजे, आणि दुसऱ्यासाठी ठेवलेला पर्याय त्याला कमी फायद्याचा वाटला पाहिजे. शाळेतली बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे.

मग कोणीही विचारेल, वाटा ३० च का, ३६ करा, आधीची रक्कम २० हजार करा, साधा माणूस तेवढेच २ लाख देईल आणि तरबेजाला तो पर्याय आणखी नकोसा होईल, म्हणजे ठोक रक्कम २ लाख ६० हजारांपर्यंत नेता येईल. बरोबर आहे. पण आता फवारणीचा विचार करा. तुडतुड्यासाठी (मोहोरावरची कीड) एक जादा फवारणी, खर्च १० हजार, त्याने विक्री १५ हजारांनी वाढणार. फवारणी करण्यासारखी आहे. वाटा ३० टक्के असेल तर वाढलेल्या विक्रीतले साडेदहा हजार ठेकेदाराचे, तो फवारणी करेल. ३६ टक्के असेल तर त्याच्या हातात ९,६००, तो म्हणेल कशाला, आणि मोहोर काळा पडेल. तरबेजाकडून जादा काढण्याच्या नादात साध्याच्या हातची बाग खराब होते, आणि हा सौदा दरवेळी असतोच, टाळता येत नाही, कुठे थांबायचं ते ठरवता येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या करारात वाटा कमीच ठेवा.

यावर एक उपाय असा की औषधाच्या बिलात पण त्याच टक्क्यांनी वाटा उचलायचा, ३० टक्के विक्रीत तर ३० टक्के औषधाच्या खर्चात. मग फवारणी करावी की नाही याचं त्याचं गणित बिघडत नाही. मात्र बिलं खरी असली पाहिजेत, म्हणून दुकान तुम्ही ठरवा आणि पैसे तुमच्या फोनवरून तुम्हीच भरा.

वाटा घेतला तर विक्री मोजणार कशी

करारात तेवढंच लिहायचं जे तिसऱ्या माणसाला तपासता येईल. "नीट काळजी घेईल", "प्रामाणिकपणे हिशोब देईल" असली वाक्यं लिहून काही होत नाही, कारण तंटा झाला तर ती सिद्ध कोण करणार.

वाशीला गेलेल्या मालाची पट्टी येते, ती सोपी. पण पट्टीतला भाव कसा ठरला ते तुम्हाला दिसत नाही, रुमालाखाली बोटं धरून भाव करायची पद्धत त्या बाजारात किती जुनी आहे ते माहीत असेलच. आणि हल्ली अर्धा माल थेट ओळखीत जातो, पुण्याला, ठाण्याला, सोसायटीत, त्याला पट्टीच नाही. म्हणून रुपये मोजू नका, पेट्या मोजा. प्रत्येक पेटीवर तुम्ही छापून दिलेला नंबरचा स्टिकर, बिनस्टिकरची पेटी फाटकाबाहेर जाणार नाही, गाडी सुटताना राखणदार गुरख्याने एक फोटो ग्रुपवर टाकायचा (त्याच्या पगारात तुम्ही थोडी भर घाला, निदान अर्धा तरी तो तुमचा माणूस झाला पाहिजे). भाव मात्र त्या आठवड्याचा बाजार समितीचा ठरलेल्या आकाराच्या फळाचा, मग ठेकेदाराने वर मिळवलं तर त्याचं कौशल्य, त्याला लखलाभ, आणि तुम्हाला त्याच्या खऱ्याखोट्या भावात डोकं घालायला नको.

पळवाट राहते ती कॅनिंगची. मे मधे भाव उतरला की उरलेला माल किलोवर कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, जातो, आणि ज्या पेट्या लपवायच्या त्या कागदावर "कॅनिंगला गेल्या" म्हणून दाखवता येतात. कॅनिंगवाल्याची वजनाची पावती असेल तरच कॅनिंगचा दर, नाहीतर पेटीचा दर, एवढं एक वाक्य लिहिलं की बरंचसं भागतं. साका (आतला गर खराब) निघाला म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेल्या मालाचं पण तसंच, फोटो असेल तर वजा.

रोज तपासायला तुम्ही जाऊ शकत नाही आणि गरजही नाही. गणित असं: समजा त्याने दहा पेट्या लपवल्या, पेटी २ हजाराची, तुमचा वाटा ३० टक्के, म्हणजे त्याचा फायदा ६ हजार. तुम्ही पाच गाड्यांतली एखादीच, न सांगता, मोजणार असाल तर सापडल्यावर ३० हजारांच्या वर फटका बसला तरच लपवणं त्याला परवडणार नाही. तेवढी रक्कम अनामत म्हणून आधीच घेऊन ठेवा. "पाच लाख दंड" असलं घाबरवणारं लिहून उपयोग नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, कोर्ट त्याच्या आत जे वाजवी तेच देतं, आणि त्यासाठी तुम्ही किती वर्षं कोर्टात फेऱ्या मारणार. हातात असलेली अनामत बरी.

ठोक घेतलं तर कलमांचं काय

ठोक पर्यायात पेट्या मोजायच्या नाहीत पण दुसरं दुखणं आहे. एका वर्षाच्या ठोक करारात ठेकेदाराला यंदाचं फळ हवंय, कलम पुढे जगतं की मरतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वर्षाआड धरणारा हापूस दरवर्षी धरायला लावणारं कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आहे, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली अशी मात्रा, पण ती खतपाणी नीट देण्याच्या बोलीवर. जो एकाच वर्षासाठी आलाय तो मात्रा वाढवणार आणि शेणखताचा पैसा वाचवणार. फळ भरपूर येतं, फांद्या खुंटतात, आणि ते तुम्हाला दोन वर्षांनी कळतं, तोपर्यंत तो दुसऱ्या बागेत.

मोजता येणाऱ्या कामाला जोरात पैसे दिले की न मोजता येणारं काम मागे पडतं, होल्मस्ट्रॉमने हेच मांडलंय, आणि कोकणातल्या बागा बघितल्या की वेगळा पुरावा लागत नाही. म्हणून:

कल्टार तुम्ही विकत घ्यायचं आणि तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या समोर घालायचं. बाहेरून आणून घातलेलं सापडलं तर अनामत गेली.

खत त्याने टाकायचं पण पैसे तुम्ही त्याच्या ठोक रकमेतून कापून वेगळे ठेवायचे, खत पडल्याचा फोटो आला की सोडायचे.

आणि करार तीन वर्षांचा करा. तीन वर्षं म्हटलं की दुसऱ्या वर्षाचं फळ त्याचंच आहे, त्यामुळे कलमं राखण्यात त्याचा स्वतःचा फायदा येतो. शेवटच्या वर्षी मात्र पुन्हा तीच खोड, म्हणून अनामत शेवटच्या वर्षी वाढवायची आणि ती पहिल्या जूनचे फोटो आणि शेवटच्या जूनचे फोटो शेजारी ठेवून परत करायची. प्रत्येक कलमाला पत्र्याचा नंबर ठोकायला एक दिवस जातो, तो घालवा.

तीन वर्षांत दुसरी भानगड अशी होते की पहिल्या वर्षी त्याने खरं उत्पन्न दाखवलं तर त्याला भीती असते की काका पुढच्या वर्षी रक्कम चढवणार, मग तो हात आखडता घेतो, पेट्या लपवतो, कधी कधी तर मुद्दाम कमी काढतो. यावर उपाय एकच, तिन्ही वर्षांचा हिशोब आजच लिहून टाका, ठोक असेल तर तीन आकडे, वाटा असेल तर तिन्ही वर्षं तोच टक्का, आणि मधे बदलणार नाही असं लिहा आणि पाळा. शेजारच्याला जास्त मिळाले म्हणून दुसऱ्या वर्षी कुरकुर सुरू केलीत की पुढच्या प्रत्येक ठेकेदाराच्या कानावर जातं, गाव लहान असतं.

मुदत वाढवली की कागद नीट लागतो. एक वर्षावरच्या मुदतीचा जमिनीचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, नोंदणी कायदा १९०८, कलम १७. झाडावरची फळं त्याच कायद्यात जंगम, म्हणजे जमिनीपासून वेगळी मालमत्ता, धरली आहेत, म्हणून बरेच जण नुसता फळांचा करार करतात, पण वरती "फळांची विक्री" लिहून आत कुंपण, ताबा, मशागत सगळं ठेकेदाराच्या नावाने लिहिलंत तर वरचं नाव कामाला येणार नाही. १९४८ च्या कूळकायद्याची आठवण कोकणात अजून ताजी आहे, ठेकेदार कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने लोक कागदच करत नाहीत आणि मग काहीच सिद्ध करता येत नाही. जमिनीचा ताबा मालकाकडेच, ठेकेदाराला फक्त कलमांची निगा राखून फळ काढायची परवानगी, हे स्पष्ट लिहा आणि सहीच्या आधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा, ही फी वाचवायची नाही.

वादळ, अवकाळी, आणि "सगळं गेलं हो"

३ जून २०२० चं निसर्ग, मग मे २०२१ चं तौक्ते, किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. नुकसान खरंच झालं असेल तर ठेकेदाराला सूट द्यायला हवी, नाही दिलीत तर पुढच्या वर्षी कोणी ठोक घेणारच नाही, कारण तुमच्यापेक्षा त्याचा खिसा लहान आहे. अडचण अशी की दर वर्षी कुठेतरी थोडा अवकाळी पडतोच आणि दर वर्षी फोन येतोच.

सूट त्याच्या शब्दावर द्यायची नाही, त्याच्या हातात नसलेल्या आकड्यावर द्यायची. हवामानावर आधारित फळपीक विमा असाच चालतो, तुमच्या बागेत किती फळ गेलं ते बघत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस किती, तापमान किती ते बघतो, म्हणून त्यात कोणी मुद्दाम नुकसान करून पैसे घेऊ शकत नाही. तोटा असा की केंद्र एका खोऱ्यात आणि बाग दुसऱ्या, तिथे कोरडं आणि इथे गारा. म्हणून दोन अटी जोडा: मंडळाच्या केंद्रावर ठरलेल्या तारखांमधे अमुक मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला, किंवा तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा झाला, यापैकी एक झालं तर शेवटच्या हप्त्यात ठरलेली सूट. तिसरी अट मला सगळ्यात आवडते, आजूबाजूच्या तीन बागा आत्ताच नावानिशी ठरवायच्या, त्या तिघांचंही पीक पडलं असेल तर नशीब, नुसतं आपलंच पडलं असेल तर हलगर्जी. विम्याचे पैसे आले तर ते कोणाचे, हे पण त्याच वाक्यात लिहून टाका, भांडणं तिथेच होतात.

तुम्ही ठेकेदार असाल तर

तुम्ही खरंच चांगलं काम करता आणि मालक विश्वास ठेवत नाही, तर तोंडी "माझ्यावर सोडा" म्हणून उपयोग नाही, ते वाक्य लबाड माणूसही फुकटात म्हणू शकतो. असं काहीतरी द्या जे देणं लबाडाला महाग पडेल. दुसऱ्या मालकांकडच्या तीन वर्षांच्या पट्ट्या दाखवा, अनामत स्वतःहून वाढवून द्या, कल्टारची अट मालकाच्या आधी तुम्हीच घाला. आणि मालक सगळे पैसे आधीच मागतोय, वाटा अजिबात नको म्हणतोय, तर तुम्हीही जरा थांबा, ज्याला बाग चांगली आहे याची खात्री असते तो वाट्याला इतका घाबरत नाही.

हप्ते, आणि चारपाच जण मागायला आले तर

पैसे तीन हप्त्यांत घ्या: सहीला, फळ सुपारीएवढं झाल्यावर, आणि १५ मेच्या आत. शेवटचा हप्ता "हिशोब झाल्यावर" असा ठेवलात तर पाऊस सुरू होतो, गडी गावी जातात, फोन लागत नाही.

एकापेक्षा जास्त ठेकेदार असतील तर बंद पाकिटात आकडे मागवा, पण सगळ्यात मोठ्या आकड्यावर हुरळून जाऊ नका. पाचही जणांनी एकाच बागेचा अंदाज बांधलाय, त्यात जिंकतो तो बहुतेक वेळा ज्याने सगळ्यात जास्त फुगवून धरलं तो, आणि फेब्रुवारीत त्याच्या ते लक्षात आलं की तो फवारणी तरी वाचवतो नाहीतर हप्ता तरी. म्हणून पाकिटाबरोबर अनामत घ्या, आणि पाकिटं मागवण्याआधी तुमच्याकडच्या जुन्या पट्ट्या, कलमांची नंबरवार यादी सगळ्यांना सारखी दाखवा. माहिती वाटल्याने बोली पडते असं लोकांना वाटतं, उलट होतं, माणूस न घाबरता बोली लावतो.

दोन्ही पर्याय नको म्हणाला तर

हे होणार. तो म्हणेल ठोक दीड लाख, बस. लगेच उतरू नका आणि लगेच उठूही नका. दुसऱ्या ठेकेदाराला तेच दोन पर्याय दाखवा, तोही नको म्हणाला तर तुमचा साध्या माणसाचा अंदाजच चढा आहे, बाग तुम्हाला वाटते तेवढी देत नाही. तेव्हा कमी करायचं ते वाट्यातली आधीची रक्कम, ५० हजारांची २५ हजार करा, टक्का आणि ठोकचा आकडा तसाच ठेवा. तरबेजाला मग वाट्यात १ लाख ६५ हजार उरतात आणि ठोकमधे दीडच लाख, म्हणजे तोही वाटा उचलेल, उचलू दे, त्या एका वर्षात स्टिकर मोजून तुम्हाला बागेचा खरा आकडा हातात येतो. त्यासाठी तो पहिला करार तीन वर्षांचा न करता एकाच वर्षाचा करा, आणि हे त्याला सहीच्या आधी सांगा.